आत येण्याची वेळ

शाळेत मी सांगून आले होते,
माझ्या आज्याची नाशकात सात मजल्यांची बिल्डिंग आहे.
खोटं नव्हतं ते.
आजा स्वतःच म्हणायचा, माझी बिल्डिंग.
गावात असताना असाच म्हणायचा, माझे बैल,
पाटलाचे बैल चारायला नेताना.

सुरगाण्याची एसटी वणीला थांबली,
सगळे चहाला उतरले, मी नाही.
मांडीवर पिशवी होती,
नागलीचे पापड, उडीद,
आणि आईनं दोनदा घडी मोडून पुन्हा घातलेली गोधडी.
निमाणीला खाकीतला एक माणूस माझ्याकडेच येऊ लागला.
मी पिशवी पाठीमागं लपवली.
तो हसला तेव्हा दातांवरून ओळखलं.

गंगापूर रोडला, दोन मेडिकलच्या मधल्या गल्लीत, बिल्डिंग.
खरंच सात मजले. मी खालून मोजले.
आणि फाटकाशी पत्र्याची केबिन,
एक खुर्ची, एक बल्ब,
कॅलेंडरवर टँकरच्या खुणा.
मी विचारलं, बाकीच्या खोल्या?
आजा म्हणाला, "त्यात माणसं ठेवलीत."

सगळे त्याला मामा म्हणत.
एवढे भाचे, आणि एकानंही वाकून नमस्कार केला नाही.
चारशे तीनच्या बाईंनी विचारलं, मामा, ही कोण हो?
"पाहुणी," म्हणाला,
आणि पाहुण्यांची वही माझ्यापुढं सरकवली.
नियम म्हणजे नियम.
नाव: वनिता धवळू भोये.
कुणाकडे: आजा.
फ्लॅट नंबर…
मी पेनाचं टोपण चावत बसले.
"लिही, गेट."
आत येण्याची वेळ त्यानं मनगट डोळ्यांजवळ नेऊन सांगितली.
शेवटचा रकाना रिकामा राहिला.
"तो जाताना."

पहाटे तीनला हलवून उठवलं,
चल, पाणी सोडायचंय.
मी झोपेतच हंडा चाचपडू लागले.
लिफ्टमध्ये पोटात झोका गेला.
गच्चीवर अशी थंडी की कान दुखावेत.
त्यानं लोखंडी चाक फिरवलं
आणि भिंतीच्या आत ओहोळ सुटला,
सातव्यातून सहाव्यात, सहाव्यातून पाचव्यात,
झोपलेल्यांच्या उशाजवळून खाली खाली.
कुणी हंडा लावला नव्हता.
कुणी कुणाला ढकलत नव्हतं.
मी म्हटलं, आईला माहीत आहे का हे?
आजा चाक आवळत राहिला,
आवळून झालेलं असतानाही.

मग मला कठड्याशी धरून उभं केलं.
दिवे. म्हसरूळच्या डोंगरापर्यंत नुसते दिवे.
"दिवे संपतात ना, त्याच्या पुढं बघ."
पुढं काहीच नव्हतं.
"दिसलं?"
काय?
"घर. मी रोज बघतो, चाक फिरवून झाल्यावर."
मी म्हटलं, दिसलं.
हे मात्र खोटं होतं.

पाचव्या दिवशी निघाले तेव्हा
कुणाचा तरी सोफा आला होता,
टेम्पो फाटकात आडवा,
ड्रायव्हर आज्यावर ओरडतोय,
आजा दोन्ही हात हलवत, घ्या, घ्या, बस, बस.
शेजारच्या इस्त्रीवाल्यानं मला स्टँडवर सोडलं.
केबिनच्या खिळ्याला टांगलेली गोधडी
रिक्षातून वळून बघेपर्यंत दिसत होती.

पंधरा दिवसांनी मास्तरांच्या मोबाइलवर फोन.
"वने, वहीत तू अजून आतच आहेस.
सेक्रेटरी विचारतोय, ही भोये कोण, गेली कधी?"
मग?
"मग काय. सांगितलं, वर असंल,
पाणी बघायला गेली."

तेवढ्यात तिकडं हॉर्न वाजला.
आलो, आलो, म्हणत तो फोन तसाच ठेवून गेला.
मास्तर हात पुढं करून उभे होते, पैसे जातायत गं.
मी पाठ फिरवून कानाला धरून ठेवला.
आधी कडी,
मग फाटकाचं एक चाक, कुरकुरत,
आणि कुणाची तरी मोटार
सावकाश आत.