बोटीचं वेळापत्रक

नोल्बेर्तो बार्रिया हे कुठल्या शाळेत शिकला नाही.
अच्याओच्या सॅमन कारखान्यात रात्रपाळी,
हातमोजे काढले तरी बोटांना माशांचा वास,
आणि त्याच बोटांनी पहाटे
दुसऱ्यांची पानं उसवून पाहायची,
आतून कशी शिवली आहेत ती.
जे कळेल ते ठेवायचं.
जे कळणार नाही तेही ठेवायचं,
न जाणो, त्याच्यावरच सगळं उभं असेल.

असं त्याने पहिलं पान बांधलं:
आलाओ, आपियाओ, चाउलिनेक,
बेटांकडे जाणाऱ्या बोटींच्या वेळा.
वर सरकते फोटो, चार ढग,
आणि बाण जवळ नेला की उडी मारणारा डॉल्फिन.
डॉल्फिनपायी अकरा रात्री गेल्या.

आपियाओहून ओतिलियाबाईंचा फोन आला.
ओरडल्या नाहीत. म्हणाल्या,
टेकडीवर चढले, कुंपणाच्या तिसऱ्या खांबापाशी,
तिथे एक दांडी रेंज येते.
ते गोल गोल फिरत राहिलं. मी मेंढ्या मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
मग खालून भोंगा वाजला,
तेव्हा कळलं बोट किती वाजता सुटते.

नमनालाच घडाभर तेल.

त्या रात्री तो काढायला बसला.
ढग काढले. काही पडलं नाही.
सरकते फोटो काढले. काही पडलं नाही.
कुणाकुणाच्या उसन्या ओळी, सहा हजार,
डोळे मिटून एकदम पुसल्या.
पान उघडं पडलं, पांढरं, डावीकडे कलंडलेलं,
आणि वेळा तशाच उभ्या:
सकाळी साडेसात. दुपारी दोन.

त्याला लाजच वाटली थोडी.
तीन वर्षं खोगीरभरती केली
आणि घोडं आपलं आधीपासून चालतच होतं.

मग शीर्षकाला शीर्षक म्हणायला शिकला,
यादीला यादी, तक्त्याला तक्ता.
ज्याला त्याला त्याच्या नावाने हाक मारली
की ब्राउझर ओ देतो,
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
रंग एकच ठेवला, बोटीच्या कठड्याचा पिवळा.
डॉल्फिन पुसवेना. तो ‘नंतर’ नावाच्या फोल्डरात गेला,
अजून तिथेच उड्या मारतो.

आठवड्याने पुन्हा ओतिलियाबाई.
पान चटकन उघडलं रे, अगदी स्वयंपाकघरात.
पण बोटच आली नाही. वारा होता.
तेवढं लिही ना कुठेतरी.

त्याने सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.
खरंच, कुठेच नव्हतं.
मग सर्वांत वर एक ओळ घातली:
वारा असेल तर बोट नाही.