स्लीप चाळीस

कुडचड्याच्या वजनकाट्यावरचा जुना सर्व्हर
आज मी नव्यावर नेतेय.
आत इनास फुर्तादोची स्क्रिप्ट, साल दोन हजार तीन.
नावातच तिचा नंबर: उठायची पंच्याऐंशीवी,
निजायची पंधरावी. बेरीज शंभर.
तेव्हाची रीतच ती. नेटवर्क, मग डेटाबेस, मग काटा,
पुढचा उठल्याशिवाय मागच्याला हाक नाही.

नवा कारभारी सगळ्यांना एकदम हाका मारतो,
कोण कोणासाठी खोळंबलंय तेवढंच विचारतो,
आणि जुनी स्क्रिप्ट दिसली की
आपला गणवेश चढवून तिलाही उभी करतो.
हिरव्या अक्षरांत सांगतो: चालू आहे, बाहेर पडली आहे.
दोन्ही एकाच ओळीत.
खिडकीतून पाहिलं. काट्यावर भरलेला ट्रक, वजन शून्य.

फाइल उघडली. मधोमध
स्लीप चाळीस.
वर एक कॉमेंट, रोमी कोंकणीत: हांगा हात लावूं नाकात.
कारण काही नाही.

मी हात लावला.
चाळीस सेकंद काढले, नव्या युनिटात लिहिलं:
सिरियल पोर्ट आल्यानंतर.
पोर्ट लगेच आला. पोर्ट येतोच,
वायरच्या त्या टोकाला कोणी जागं असो नसो.
वजन शून्य.

इनास आता माजोर्ड्याला असतो, ऐकू कमी येतं.
मी फोनवर दोनदा ओरडून विचारलं.
"भिसो आसा मू थंय?"

भिसो गावकर. वीज आली तरी
इंडिकेटर आपणहून पेटत नाही,
बटण ट्रकांच्या रांगेपलीकडच्या खोलीत.
भिसोनं उठायचं, चप्पल शोधायची,
खनिजाच्या तांबड्या चिखलातून जायचं.
इनासनं दोन पावसाळे घड्याळ लावून मोजलं होतं.
"चाळीस," तो म्हणाला. "धांवून न्हय. चलून."

भिसो मे महिन्यात निवृत्त झाला.
आता सुलक्षा जाते, तिला पंचवीस पुरतात.
तरी मुख्य आज्ञेच्या आधी
मी चाळीसच ठेवले,
आणि वर लिहिलं बटणाबद्दल, खोलीबद्दल, चिखलाबद्दल.
शेवटी 'हात लावू नका' असं येत होतं बोटांवर.
ते खोडून लिहिलं:
हात लावण्याआधी एकदा चालून बघा.

मग मेन स्विच पाडला
आणि खिडकीतून ओरडले,
सुलक्षा, लायट गेली गो.