पांढरी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डेटनमधली आमची गल्ली
एका रात्रीत पांढरी झाली.
कुंपणावरून लोरेनला विचारलं,
सगळीकडे हे एकच झाड आहे का गं?

ती हसली नाही. कात्री खाली ठेवली.
निवृत्त टपालवाली बाई, एकोणतीस वर्षं
घरांचे आकडे वाचत चाललेली.
म्हणाली, चष्मा घे. चल.

सुरुवात माझ्याच दारातून.
लांबून झाड नवरीसारखं,
जवळ गेले तर आठवडी बाजारात
कुणी सुकटीचं पोतं उघडल्यासारखा वास.
मी नाक दाबलं.
ही नासपती, ती म्हणाली, शोभेची.
फळ गोटीएवढं, तेही पक्ष्यांसाठी.
बिल्डरांनी ओळीनं लावली, आता रानभर पसरलीय.
फांद्या बघ, सगळ्या एकाच खांद्यावरून निघतात.
मोठं वारं आलं की मधोमध फाटते.

पुढे पाकळ्यांचा हिशेब.
टोकाला इवलीशी खाच दिसली तर चेरी,
नाही दिसली तर बहुधा प्लम.
शंका असेल तर सालीला हात लाव :
चेरीच्या अंगावर आडव्या रेघा,
पोरांची उंची भिंतीवर मोजून ठेवावी तशा.

चर्चमागे एक झिपरं उभं होतं,
पाकळ्या जणू ओल्या कागदाच्या फाडलेल्या पट्ट्या,
खोड करडं, गुळगुळीत.
सर्व्हिसबेरी.
जुनी माणसं म्हणायची, हे फुललं
की जमीन मऊ झाली समजायचं,
थंडीत गेलेल्यांना मग पुरायचं.
लोरेन तिथे जरा जास्त वेळ थांबली.
मी काही विचारलं नाही.

डॉगवुड अजून मिटलेलं होतं.
दोन आठवड्यांनी ये, चार पाकळ्या दिसतील,
पण त्या पाकळ्या नव्हेत.
मी म्हटलं, म्हणजे बोगनवेलीसारखं!
खरं फूल मध्ये, ज्वारीच्या दाण्याएवढं,
आणि कौतुक भलत्याचंच.
बोगनवेल तिला ठाऊक नव्हती.
मला उगाच बरं वाटलं.

परत दारापाशी आलो तेव्हा म्हणाली,
छान शिकतेस तू, पद्मजा.

पद्मजा मागच्या गल्लीतली. तेलुगू. दातांची डॉक्टर.
माझ्याहून वीतभर उंच, केस मानेपर्यंत कापलेले.
चार वर्षं मी त्या नावाला ओ देत आले होते,
बर्फ उपसताना, भोपळ्याचा पाय हातात घेताना.
दर वेळी वाटायचं, आता कशाला.

त्या दिवशी मात्र हातात डहाळी होती.
म्हटलं, लोरेन, माझ्या पाकळीला खाच आहे.
नीट बघ. मी हेमांगी.

ती कानापर्यंत लाल झाली.
एकोणतीस वर्षांत एकाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत
कधी टाकलं नव्हतं, असं काहीतरी पुटपुटली
आणि आत निघून गेली.

(खरं तर पहिलं वर्षभर मीही तिला
आणि कोपऱ्यावरच्या जूडिथला एकच समजत होते.
दोघींचे केस पांढरे, दोघींचे कुत्रे पांढरे.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.)

जूनच्या वादळात नासपती फाटली,
तिने सांगितलं होतं तशीच, मधोमध.
ऑक्टोबरात लोरेन कुंडी घेऊन आली,
आत करंगळीएवढी सर्व्हिसबेरी.
दोघींनी खड्डा खणला.
माझे आजोबा काळी-पांढरीची शपथ घ्यायचे :
काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे माणसांची वस्ती.
इथली माती निघाली पिवळट, चिकट,
दोन्हींत न बसणारी.

फांदीला तिने ॲल्युमिनियमची पट्टी बांधली,
त्यावर बॉलपेनने दाबून झाडाचं नाव, साल,
खाली माझं नाव.
त्यात एक अक्षर चुकलंय.
दुरुस्त करायला मी पेन मागितलं,
तर म्हणाली, थांब, सांग परत, मीच लिहिते.