सातवं रीळ

गुलाबचाचा मुलाणींच्या तंबूत
मी रिळं उलटी गुंडाळायचो.
दिवसाला बारा रुपये आणि रात्रीचा रस्सा.

त्या साली खरसुंडीच्या जत्रेत
आम्ही जगाचा शेवट लावला होता.
हिंदीत बोलणारे गोरे शास्त्रज्ञ,
लाल आकड्यांचं उलटं पळणारं घड्याळ,
घटस्फोट झालेला बाप, त्याची रुसलेली मुलगी,
आणि एक कुत्रा. तो वाचणार
हे तिकिटं फाडणाऱ्या शंकऱ्यालासुद्धा ठाऊक.

सहाव्या रिळात लाट यायची.
चाळीस मजली, सावकाश,
आपल्याच सावलीवर पाय देत.
पूल मोडायचे, पुतळे वाहायचे,
आणि तंबूत शिट्टी.
मग दुसरी. मग टाळ्या.
जतची, आटपाडीची, दिघंचीची माणसं ती,
खोंडं विकायला आलेली,
घरी घागरी टँकरच्या रांगेत ठेवून आलेली.
एक म्हातारा उभाच राहिला.
"आरं, किती पाणी! किती पाणी ते!"
बायकांच्या बाजूला कुणीतरी हळूच विचारलं,
"गोडं असंल का गं?"

सातवं रीळ आमच्याकडं नव्हतं.
कराडहून आलेल्या पेटीत सहाच निघाली,
सातव्या डब्यात भलत्याच पिक्चरचं अर्धं गाणं.
म्हणून लाट आदळली की
चाचा काचेची स्लाईड सरकवायचे:
आभारी आहोत. आपापल्या चपला बघून घ्याव्यात.
जग बुडालेलं,
आणि लोक वाकून चपला शोधतायत.

मग मी, हँडल मारत.
पट्टी बल्बसमोर धरली की दिसायचं,
लाट समुद्रात परत, पूल उभे,
मुलगी पुन्हा रुसलेली.
रात्री साडेबाराला मी जग जसंच्या तसं करून
डब्यात ठेवायचो.
झाकण नीट बसत नसे, सुतळी बांधायचो.

तंबू मोडला. चाचा गेले.
जायच्या आधी सहाही डबे माझ्या हवाली केले,
"रद्दीत घालू नकोस, एवढंच."
मी सांगलीला आलो, गावभागात झेरॉक्सचं दुकान टाकलं,
डबे माळ्यावर.

एकोणीसच्या ऑगस्टात पाणी आलं
तेव्हा लाट नव्हती.
आयर्विन पुलावरचा आकडा तेवढा चढत होता,
पंचेचाळीस, पन्नास, सत्तावन.
पाणी ओळखीच्या माणसासारखं आलं,
मोरीतून, मागच्या दारानं, चपला न काढता.
पार्श्वसंगीत नव्हतं. कुणी किंचाळत पळालं नाही.
शेजारच्या कोठावळेंनी टीव्ही टेबलावर ठेवला,
टेबल पलंगावर,
आणि तिसऱ्या दिवशी गच्चीत बसून दाढी केली,
आरशात मागची नदी बघत.
हवेत भिजल्या हळदीचा वास.
मी फोन बंद करून ठेवला होता,
चार्जिंग पुरवायचं म्हणून.
शेवट कधी आहे, हे कुणी सांगत नव्हतं.

ओसरल्यावर डबे उघडले.
चित्रं सुटून चिखलात मिसळली होती.
पट्टी काचेसारखी स्वच्छ,
कडेची भोकं तेवढी शाबूत.
शहर नाही, घड्याळ नाही, लाटही नाही.
तारेवर वाळत घातली. शेजारच्या पोरांनी
तिच्यातून सूर्य बघितला.

त्याच दुपारी उमदीहून टँकर आला.
उमदीहून! जिथं वैशाखात माणशी दोन घागरी.
बाजूला खडूनं लिहिलेलं, पिण्याचं पाणी,
आणि केबिनमध्ये भाकरींची पोती.
ड्रायव्हर म्हाळाप्पा लेंगरे
पाइप माझ्या हातात देता देता थांबला.
"खरसुंडीला तंबूत हँडल मारायचास, त्यो तूच न्हवं?"
मी मान हलवली.
"बावीस वर्सं झाली. त्या पिक्चरात
पुढं काय झालं रं? वाचलं का कोन?"

माझ्या मागं अडतीस घागरी, बादल्या,
प्रेशर कुकरचं एक भांडं.

मी म्हटलं, "कुत्रा वाचला."
"ते ठावं हाय रं," तो म्हणाला,
आणि कॉक सोडला.