आवाज क्रमांक पंचेचाळीस

रीनाल्ड्सने नवं यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं
भट्टीतून काढलेल्या पावासारखं, खाली फडकं घालून.
सदतीस पट्ट्या, बावन्न नॉब.
"चौसष्ट आवाज भरलेत पोटात," म्हणाला,
"नावं नाहीत अजून. गुरुवारी बर्लिनच्या जत्रेला निघायचंय.
आठ-आठ वाटून घ्या."
पडदा अंगठ्याच्या नखाएवढा:
आठ अक्षरं मावतात. नववं पडतं.

मातीसने सगळी गुरूच्या चंद्रांची नावं दिली.
एवियाने आपलं मांजर तीनदा वापरलं.
रीनाल्ड्सचे आवाज: खोल, खोल दोन, फार खोल.
मी एकोणसत्तर वर्षांची, डाख लावणारी बाई.
माझ्या वाट्याला एक्केचाळीसपासून पुढचे.

नदीपलीकडे रेडिओचा कारखाना होता तेव्हा
पट्ट्यावरून दर चाळीस सेकंदांनी एक रेडिओ यायचा
आणि आम्ही बायका त्यात एकच सूर सोडायचो,
हजार कंपनांचा, सपाट, कोणाचाच नसलेला.
वाजला की रेडिओ पास.
घरी जाताना ट्राममध्ये तो माझ्याबरोबर बसायचा,
तिकीट न काढता.
एक्केचाळीसला मी त्याला ओळखलं. नाव दिलं: पास.

बेचाळीस म्हणजे लीएलुपेवरचं बर्फ,
आधी लांबवर तडकतं, मग पायाखाली.
नाव नऊ अक्षरांचं झालं, एक स्वर काढून टाकला.
त्रेचाळीस नुसता गोंगाट. मी 'सून' लिहिलं,
मग खोडलं.
चव्वेचाळीस मला ऐकूच येईना.
बारा हजारांच्या वर माझे कान मिटलेत.
एविया म्हणाली, "अगं, केवढा सळसळतोय!"
मी ऑसिलोस्कोपवर पाहिलं:
हिरवं गवत, वाऱ्यात.
नाव दिलं: गवत.

पंचेचाळीस.
फिल्टर जवळजवळ बंद. खर्जातली एक पट्टी धरून ठेवली.
दोन-तीन सेकंदांनी सूर किंचित हलायला लागला,
दाढी करताना गाल ताणला की
गुणगुणणं हलतं, तसा.
न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं. वाफ. सकाळचे सहा.
मी पट्टी सोडली नाही.
मातीस कॉफी ठेवून गेला, ती गार झाली.
कप घेऊन गेला, तेही उशिरा कळलं.

इल्गवार्स.
आमच्या लिपीत सात अक्षरं.
बसतं. वर एक घर उरतं.

नॉब फिरवत पहिल्या अक्षरापर्यंत आले.
मग मनात आलं, कोणीतरी ओसाकात, लिमात
रात्री दोन वाजता हे बटण दाबणार,
त्याच्यावर ढोल चढवणार, वेग दुप्पट करणार,
घामाघूम होऊन नाचणार माणसं.
नाचू देत. त्यालाही आवडलं असतं.
पण नाव कशाला?
लिहिलं: चाचणी.
उरलेले तीन आवाज मातीसला देऊन टाकले.
चंद्र पुष्कळ शिल्लक आहेत म्हणाला.

बर्लिनहून रीनाल्ड्स घसा बसवून परतला.
अडीचशे मागण्या.
म्हणाला, एक पोरगा होता, पाठीवर सॅक,
हेडफोन घालून अर्धा तास पंचेचाळीसवरच. मागे रांग.
शेवटी विचारतो, याला नाव द्यायचं राहिलं का?
"मी म्हटलं, हो. राहिलंच ना?
पुढच्या अपडेटमध्ये देऊन टाकू."

माझं नाव झिंत्रा. म्हणजे तृणमणी:
पाइनची राळ, समुद्राने दाबून ठेवलेली.
लोकरीवर घासली की गवताची काडी ओढून घेते.
वीज पहिल्यांदा तशीच कळली म्हणतात माणसांना,
काडी हलली म्हणून.
डाखाच्या धुरातही तीच राळ. डोळ्यांत जाते,
ते एक बरं आहे.

"असू दे तसंच," मी म्हटलं,
आणि एकशे बाराव्या यंत्राची पाठ उघडली.