नॉइज

सकाळी पावणेसातला मेल येतो,
धायरीत नळाला पाणी यायच्या आधी.
बेचाळीस पाठवले होते, एकोणचाळीस नामंजूर.
कारणं ओळीनं, न चिडता लिहिलेली:
फोकस अपुरा.
प्रकाश अपुरा.
कोपऱ्यात व्यापारचिन्ह दिसते आहे.
ती दुधाच्या पिशवीवरची गाय आहे हो,
पण गायही कुणाच्या तरी मालकीची असते, हे मान्य.
पर्वतीच्या पायऱ्या: असे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत.
असतील.
एकशे तीन पायऱ्या चढून वर पोचल्यावर
धापा टाकत मीही हेच म्हणाले होते.

एवढं सगळं चहाबरोबर गिळता येतं.
तांबट आळीतला तो एक फोटो मात्र घशात अडकला.

पोटफोडे काका घंगाळ ठोकतायत.
खिडकीतून उजेड आलाय तो एवढासा,
तांब्यावर आपटून त्यांच्या हनुवटीखाली गेलाय.
हातोडी वर, अगदी वर,
जिथून ती आता खाली येणारच आहे.
दोन शनिवार बसले होते मी त्यांच्या उंबऱ्याशी,
गिऱ्हाइकांच्या चपला सरकवत.
संमतीपत्र इंग्रजीत, सही मराठीत.
शेवटच्या वेलांटीपाशी थांबून त्यांनी विचारलं होतं,
"म्हणजे आता मी परदेशात विकला जाणार?"

नाही गेलात काका.
कारण: नॉइज.

मला कळतं काय म्हणायचंय त्यांना.
अंधारात कॅमेऱ्यानं डोळे ताणले
की सावलीत रवा सांडल्यासारखं दिसतं, ते.
पण त्या सकाळी एकटीच हसत सुटले.
कुठल्या तरी देशातल्या त्या तपासनिसाला
ऐकू गेलं म्हणायचं!
शेजारीशेजारी आठ दुकानं, आठ हातोड्या,
'पाणी देता का' हेसुद्धा खुणेनं विचारायचं.
त्या दिवशी घरी आल्यावर
कुकरची शिट्टी मला कुजबुजीसारखी वाटली होती.

खपतं काय, तर लिंबू.
थर्माकोलवर ठेवलेलं एक लिंबू,
मागे पांढरं, खाली पांढरं, सावलीसुद्धा पुसलेली.
गेल्या वर्षी एकशे सत्तर वेळा विकलं गेलं.
दर वेळी काही सेंट,
साठत साठत दोन महिन्यांचं विजेचं बिल.
आमच्या घरात पासपोर्ट कुणाकडेच नाही,
सगळ्यात जास्त जग फिरलंय ते लिंबू.

शेवटी बारा बाय अठराची प्रिंट काढून घेतली
आणि काकांना नेऊन दिली.
नापास झाला म्हणून सांगितलं, ओरडूनच.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.
बोट घंगाळाच्या काठावर.
"हे बघा. इथं दबलंय.
हे मी गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं."
मग?
"मग काय. तापवलं, परत ठोकलं."
आणि तरी नाहीच जमलं तर?
"मोडीत.
नि त्याच मोडीचा पत्रा फिरून माझ्याकडेच येतो,
भाव वाढवून."

फोटो त्यांनी ठेवून घेतला.
भिंतीवर नाही.
पत्र्यांच्या चवडीवर, पालथा,
धूळ बसू नये म्हणून.

परत निघाले ती मंडईत शिरले.
देठाशी हिरवं, डाग नसलेलं, सगळीकडून गोल
असं निवडत राहिले किती तरी वेळ.
लिंबूवाली बघत होती.
"पिळायचंय, का लगीन लावायचंय त्याचं?"

तीन घेतली.
चौथं तिनं वरून टाकलं, डागाळलेलं.
रात्री पोह्यांवर तेच पिळलं.