सोलपेक्षा केसभर चढा

दाबोळीच्या पठारावर रात्री पावणेतीनला
जे विमान आलं, ते अर्धं आंधळं होतं.
शेपटीतलं लहान इंजिन बिघडलेलं;
मोठी दोन विझवली की आत काळोख,
आणि काळोखात एकशे ऐंशी माणसं
डोक्यावरचे कप्पे चाचपणार.

म्हणून आधी मी धावते, विजेची गाडी घेऊन.
मनगटाएवढी केबल, सहा भोकांचं बोंड,
नाकाखालचं झाकण उघडून आत रेटायचं,
अंगठा वाचवून, असं कायतान म्हणायचा.
त्याच्या एका अंगठ्याला नख नव्हतं.

कायतान कार्दोज. आधी खारीवाड्यावर
ट्रॉलरची डिझेल इंजिनं, मग सव्वीस वर्षं इथे.
मला जेट शिकवलं चार क्रियापदांत:
घे, दाब, पेटव, फेक.
"बाकीचं पुस्तक परीक्षेपुरतं."
मग जरा थांबून,
"सगळा वारा पेटत नाही हां.
बराचसा जाळाला वळसा घालून थंडच निघून जातो,
आणि तोच जास्त ढकलतो.
माझी बायको तशी."

मी विचारलं होतं, दोन्ही बंद पडली तर?
त्याने पोटाशी दुमडलेला पंजा
खाली सोडला, बोटं गरागरा फिरवली.
एवढासा पंखा. वेगाच्या वाऱ्यावर फिरतो.
चहा नाही, पडदे नाहीत, वाचायचे दिवे नाहीत,
सुकाणू हलेल, चार काटे दिसतील, इतकंच.
"खाली येतंय ना, मग वारा आहे.
वारा आहे तोवर पायलटचं काम संपत नाही."

गाडी चालू झाली की गुणगुणते.
घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते,
विमानाची चारशे.
जलद हेलकावली की लोखंड कमी लागतं
आणि वर जाणाऱ्याला
लोखंडाचा हिशोब जमिनीवरच मिटवावा लागतो.
कायतान चिखलीच्या चॅपेलात व्हायोलिन वाजवतो.
त्या गुणगुणीला त्याने पहिल्याच आठवड्यात नाव दिलं:
"सोल. पण केसभर चढा."

पुढे पुढे तो गाडीवर तळवा ठेवून उभा राहायचा.
"गाते गो?" मला विचारायचा.
मला वाटायचं, माझी परीक्षा घेतोय.
गेल्या पावसाळ्यात तपासणीत त्याचे दोन्ही कान नापास झाले,
आता तो स्टोअरमध्ये वॉशर मोजतो.

आज मी एकटी. दाबलेल्या हवेची नळी जोडली,
पंखा आधी आळसावून, मग पाती दिसेनाशी,
मग पोटात ती खोल धडक: पेटलं.
थोड्या वेळाने काचेमागून कॅप्टनचे हात,
तळव्यात खुपसलेली बोटं उपसलेली.
त्याची वीज आता त्याची.
मी बोंड ओढून काढलं. केबल कोमट होती,
गुंडाळताना कुशीत घ्यावी लागते.

सहाला स्कूटरवरून घरी.
चिखलीला खुरसाजवळ जो ट्रान्सफॉर्मर आहे
त्याच्याखाली पेट्रोल संपलं, म्हणून थांबले,
नाहीतर कधी ऐकलं असतं?
पन्नास. दुप्पट शंभर. दोनशे. चारशे.
तीन सप्तकं खाली, तोच सूर, चिखलभरल्या आवाजात.
हेल्मेट काढून उभी राहिले.
पाववाला म्हणाला, शॉक लागला की काय?

रविवारी चॅपेलात गाणाऱ्या बायका कुरकुरतात:
कान गेल्यापासून कायतान चढा वाजवतो,
आम्हाला खेचून वर नेतो.
फादरनी दोनदा सांगून पाहिलं, त्याने दोनदा मान हलवली.
मी शेवटच्या बाकावर
मोबाइलचा सूरमापक ओढणीखाली धरला.
तो हनुवटी लाकडात रुतवून,
जबड्याच्या हाडाने ऐकत,
तिसरं बोट ठेवतो.

काटा चारशेवर.
मी कुणाला सांगितलेलं नाही.